टॉवेलाखालचा सौदा

मिलिंद,

तू गेल्यावरच्या जलदान विधीच्या दिवशी जेवणं उरकल्यावर सुजाता वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, तुमीबी लिवा कायतरी. सगळ्यांचं गोळा करून छापायचं ठरलंय." मी म्हटलं, मला चांगलं लिहिता यायचं नाही. त्या म्हणाल्या, "चांगलं बाकीचे लिवतील. तुमी भांडण लिवा."

म्हणून भांडण लिहितो. तू असतास तर म्हणाला असतास, "आला शेठ, बसला पुन्हा भाव करायला." हो, बसलोय. चार वर्षं आपण एकाच गोष्टीवर घासाघीस करत होतो. तू काढलेल्या माझ्या चित्रात माझ्या पायांत काही घालायचं की नाही, एवढाच मुद्दा होता. तू मधेच उठून गेलास. बाजारात कुणी असं केलं तर त्याला परत कुणी हात देत नाही.

हात देणं म्हणजे काय, हे वाचणाऱ्यांतल्या सगळ्यांना ठाऊक नसेल. आमच्या धंद्यात भाव तोंडानं सांगायची रीत नव्हती. विकणारा हातावर टॉवेल टाकतो, घेणारा टॉवेलाखाली हात घालतो आणि बोटं दाबून आकडा कळवला जातो. भोवतालच्यांना नुसता टॉवेल हललेला दिसतो. पटलं नाही तर हात काढून घ्यायचा. पटलं तर समोरच्याचा पंजा पुरा मुठीत धरायचा, आणि मग माघार नाही. शेळ्यांच्या बाजारात आता असं करणारे फार उरले नाहीत, पोरं मोबाइलवर फोटो टाकून भाव करतात. मी अजून खांद्यावर टॉवेल ठेवतो. त्यात एक शिस्त आहे. हात टॉवेलाखाली असताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं नाही. तोंड बघितलं की त्याची गरज दिसते, आणि त्याला तुमची.

त्या शिस्तीपायीच तू माझ्या गळ्यात पडलास.

उमरग्याच्या आठवडी बाजारात मी एक एकशिंगी म्हातारी शेळी खपवायला सकाळपासून उभा होतो. कर्नाटकातला एक घेणारा शेवटी जरा तयार झाला होता. आमचे हात टॉवेलाखाली होते, तेवढ्यात त्याला कुणीतरी हाक मारली आणि तो दोन पावलं मागं गेला. मी आपला रस्त्याकडे तोंड करून तसाच उभा. हात परत आला. मी बोटं दाबून शेवटचा आकडा सांगितला, तर समोरून पुरा पंजा गच्च धरला गेला. मी मोठ्यानं म्हणालो, "पटला सौदा," आणि वळून बघतो तर तू. कोपरापर्यंत ट्रकचा निळा रंग, खांद्याला पिशवी, पिशवीत तुटक्या घंटा आणि दाव्याचे तुकडे.

"तू कोण रं?"

"मी पेंटर. हायवेवरच्या गॅरेजला असतो. म्हंटलं आत काय चाललंय बघावं."

"बघायचं तर बघायचं. धरलास कशाला?"

"तुमी बोटं दाबली. मी दचकलो."

सगळा बाजार हसायला लागला. तो कानडी घेणारा पोट धरून "आय्तु, आय्तु" म्हणत होता, म्हणजे झालं, झालं. माझं डोकं तापलं होतं. तुला चार शब्द सुनावायच्या तयारीत होतो, तर तूच विचारलंस, "पटलं म्हणजे काय झालं?"

"शेळी तुझी झाली."

तू शेळीकडे बघितलंस. ती तुझ्या पिशवीला तोंड लावत होती. "हात दिला म्हणजे दिला," तू म्हणालास. "द्या हिचं दावं."

मी तुला माघार घेऊ देणार होतो असं इथं लिहायला मला आवडलं असतं. पण तू दावं मागितलंस आणि मी दिलं. सकाळपासून ती कुणी घेत नव्हतं. बदल्यात तू माझा टेम्पो रंगवून दिलास. मागच्या फळीवर ती एकशिंगी शेळी आणि खाली ट्रकवाल्या अक्षरात 'बघतोस काय, भाव कर'. तो टेम्पो अजून त्याच फळीनं चालतो. तीन ड्रायव्हर बदलले, फळी बदलू दिली नाही.

शेळी तुझ्याकडे म्हातारी होऊन मेली. त्यानंतर तू मला गॅरेजमागच्या शेडमध्ये बोलावलंस, आणि मी पहिल्यांदा तुझं ते दुसरं काम बघितलं.

मला वाटलं होतं देखावे असतील, डोंगर, सूर्य, पाटी-बोर्डवाला माणूस काढतो तसले. तिथं दाराएवढ्या पत्र्यावर ती शेळी उभी होती. अंग तिच्याच कातड्याचं, डोळ्याच्या जागी ट्रकच्या मागच्या दिव्याची लाल काच, गळ्यात घंटा, आणि जे शिंग तिला कधीच नव्हतं ते रेडियमच्या पट्ट्या कापून चिकटवलेलं. तू हातातली बॅटरी त्यावर मारलीस, तर नसलेलं शिंगच तेवढं चमकलं. मी जन्मभर शेळ्या बघितल्या, पण हिचा आकडा मला बोटांवर धरता येईना.

"ही एकशिंगी," तू म्हणालास. "आमच्या घरची पहिली."

"पहिली काय?"

त्याचं उत्तर मला पुढं हळूहळू मिळत गेलं, चहाच्या कपागणिक थोडं थोडं. तुझ्या आजोबांनी धम्म घेतला तेव्हा घरातले देव पाटीत भरून नदीत सोडले. भिंतीतली देवळी तशीच राहिली. त्या रिकाम्या देवळीकडे बघत तू मोठा झालास. मी एकदा म्हटलं, आमच्या घरात देव मावत नाहीत, पाहिजे तर दोन घेऊन जा. तू चिडला नाहीस.

"तुझे देव तुला कुणी दिले?"

"बापानं. दुसरं कोण देणार?"

"मला बापानं रिकामी देवळी दिली. तीबी इस्टेटच की."

देव तुला नकोच होते. तुला गोष्टी पाहिजे होत्या, आणि त्या कुणाकडून आलेल्या नकोत, तुझ्याच आयुष्यातनं उगवलेल्या पाहिजेत. तुझी आई याच हायवेच्या कामावर डांबराच्या पाट्या वाहायची. तिची तू डांबरमाय केलीस. खरं डांबर, खरी खडी, पदराला टायरची किनार आणि कपाळाच्या जागी रस्त्यात बसवतात तसला चमकणारा दिवा. एक ट्रक ड्रायव्हर तुला लहानपणी हैदराबादपर्यंत घेऊन गेला होता, त्याची तू चाकांच्या पायांचा मामा म्हणून मूर्ती केलीस. ती शेडच्या दारात उभी असायची आणि ट्रकवाले तिच्यासमोर उगीच हॉर्न वाजवून जायचे. तुझं स्वतःचं चित्र मात्र एकच, पत्र्यावरचं. दरवर्षी त्यावर नवा थर. एका वर्षी डोक्याच्या जागी हेडलाइट, पुढच्या वर्षी त्यावर कावळ्याची पिसं, मग पिसांवर तुझ्या जुन्या शर्टाचे तुकडे. खालचं कधी खरवडलं नाहीस.

"जुनं काढून टाक की," मी म्हणायचो. "जड झालंय."

"खालीबी मीच हाय," तू म्हणायचास.

आपलं खरं भांडण इथंच होतं, पायांचं नंतर निघालं. माझं म्हणणं, माणूस कष्टानं बदलला की त्यानं जुनं झाकून टाकावं, तो त्याचा हक्क आहे. तुझं म्हणणं, जुनं दिसलं नाही तर बदलला हे कळणार कसं. मी म्हणायचो, कुणाला कळायला पाहिजे? तू म्हणायचास, त्याला स्वतःला. इथं चहा संपायचा आणि मी उठून जायचो.

याच मुद्द्यावर तुझ्या वडलांशी तुझं वाजलेलं मला वहिनींकडून कळलं. एकशिंगीचं कातडं शेडमध्ये वाळत होतं आणि तात्या काठी टेकत आले. आवाज चढवणारा माणूस नव्हे. दारातूनच म्हणाले, "आपल्या माणसांनी मेलेली ढोरं वढायचं सोडलं. त्यापायी गावाचा मार खाल्ला. आन् तू कातडं घरात आणतूस?"

तू काम थांबवलंस. "तात्या, त्यांच्यावर ते लादलं हुतं. हे मी मागून घेतलंय. लादलेलं टाकायचं. पर हातातली विद्याबी लादणाऱ्यांच्याच नावावर टाकून द्यायची का?"

तात्या काठी टेकत परत गेले. दुसऱ्या दिवसापासून पेपर घेऊन शेडच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसायला लागले. आत पाऊल टाकलं नाही आणि खुर्चीही हलवली नाही. तुझ्या जलदानाच्या दिवशी ती खुर्ची मी तिथंच बघितली. ते त्यावर बसले होते, पेपर घडी घातलेलाच.

आता माझी तक्रार.

मी मूळचा तुळजापूर-सोलापूर रस्त्यावरच्या तामलवाडीचा. माझं घर दुसऱ्याच्या शेळ्या राखून खाणारं. उन्हाळ्यात माळावर पाय भाजायचे म्हणून मी शेळ्यांच्या सावलीत पाय ठेवत चालायचो. हे मी कुणाला सांगत नाही. तुला एकदा सांगितलं, बोलता बोलता. तिथून उठून मी उमरग्याला आलो, दुसऱ्याच्या शेळ्या विकल्या, मग स्वतःच्या, मग टेम्पो, मग घर. आज बाजारात मला सोपानराव म्हणतात. सोप्या म्हणणारं कुणी राहिलेलं नाही, आणि मी ते ठरवून होऊ दिलेलं आहे. बुटांशिवाय मी बाजारात पाऊल टाकत नाही, चिखल असला तरी.

तू म्हणालास, शेठ, तुला पण घ्यायचं आहे आमच्या घरात. तुझ्या एकशिंगी, डांबरमाय, मामा यांच्या ओळीत मी. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. तू माझा उजवा हात प्लॅस्टरमध्ये बुडवून साचा काढून घेतलास, तेव्हा मी तासभर तुझ्या बादलीपाशी गुमान बसलो. माझी करंगळी वाकडी आहे, एका बोकडानं दावं ओढून मोडली होती. "करंगळी सरळ कर साच्यात," मी म्हटलं, तर तू हसलास फक्त.

मग चित्र दाखवलंस.

तोंड बोकडाचं, मिशा माझ्या. मनगटावर माझ्यासारखं घड्याळ. छातीपासून खाली शेळ्यांचा कळप असा चढत येणारा, की माणूस शेळ्यांचा बनलाय की शेळ्या माणसातून निघाल्यात कळू नये. तिथवर मी तुला दाद देत होतो. पोटासमोर खरा टॉवेल टांगलेला, माझाच, जो मी हरवला म्हणून बाजारभर शोधला होता. आणि खाली पाय, प्लॅस्टरचे, पत्र्यातून पुढं आलेले. दहा वर्षांच्या पोराचे, काड्यांसारखे, नडग्या काट्यांनी ओरबाडलेल्या, टाचांना भेगा. भेगांत तू खरी माती भरली होतीस. अनवाणी.

"हे काय?"

"तू."

"बूट घाल."

"न्हाय."

"चपला तरी घाल. एवढं घड्याळ घातलेला माणूस अनवाणी असतो व्हय?"

"म्हणून तर."

"बरं, एका पायात घाल. एक तुझा, एक माझा."

"शेठ, मी भाव करत न्हाय."

"भाव सगळेच करतात. तू फक्त उशिरा करतोस."

तेव्हा तू म्हणालास, "टॉवेलाखाली हात घाल. मग पायांचं बोलू." मी म्हटलं, तुझ्या खेळात मी नाही, आणि निघून आलो. तू ते चित्र शेडच्या दारात उभं केलंस, मामाच्या शेजारी. हायवेवरून बाजाराला जाणारं प्रत्येक वाहन तिथून जातं. पुढच्या बाजाराला एकानं विचारलं, "सोपानराव, चपला मिळाल्या का?" दुसरा म्हणाला, "टेम्पोनं फिरत्यात, चपला कशाला लागत्यात?" इतकं चाललं असतं. पण माझ्याच टेम्पोच्या ड्रायव्हरनं टॉवेल उचलून आत बघितलं होतं. तो म्हणाला, "मालक, आत हात पसरल्याला हाय. मागत असल्यावानी."

ते मला लागलं. पाय अनवाणी होते हे खरं तरी होतं. पण हात मी कधी पसरला नव्हता. उपाशी राहिलो तेव्हाही नाही. साचा माझ्या हाताचा घेतलास आणि त्याचा भिकाऱ्याचा हात केलास, असं मी धरून चाललो. गॅरेजच्या मधोमध उभं राहून मी तुला काय काय बोललो ते सगळ्या मेकॅनिकांनी ऐकलं, इथं पुन्हा लिहीत नाही. तू चित्रावर ताडपत्री टाकलीस, आत नेलंस आणि भिंतीकडे तोंड करून ठेवलंस.

लोकांना वाटलं आपलं बोलणं तुटलं. तुटलं नाही, त्यातच गंमत होती. बाजार आटोपला की मी शेडवर यायचो, तू चहा सांगायचास, ट्रकचं, पावसाचं, तात्यांच्या गुडघ्याचं बोलणं व्हायचं. उठताना तू विचारायचास, "हात कधी घालतूस?" मी म्हणायचो, "बूट कधी घालतोस?" तेवढंच. चार वर्षं. सुजाता वहिनी आतून म्हणायच्या, "झालं का रामराम तुमचं?" आमचा तोच रामराम होता.

हाताबद्दल मात्र मी तुला सरळ कधी विचारलं नाही. तोंड बघितलं की गरज दिसते म्हणतात ना, तसं.

आणि तू गेलास. त्याआधीच्याच बाजाराला आपण भेटलो होतो, तूच चहा सांगितला होतास, उठताना तूच विचारलं होतंस. मी उत्तर दिलं होतं. एवढं बरोबर झालं.

तुझ्या जलदानाला वहिनींनी मला भांडण लिहायला सांगितलं ते नंतरचं. आधी त्या मला शेडमध्ये घेऊन गेल्या. म्हणाल्या, सोलापूरची काही मंडळी तुझं सगळं काम प्रदर्शनाला न्यायचं म्हणत आहेत, एकशिंगी, डांबरमाय, मामा, सगळे. तुझं स्वतःचं चित्रही. ते मी बघितलं. वरचा थर नुसता लाल ऑक्साइडचा आहे, पुढच्या रंगाआधी लोखंडाला देतात तो. त्यावर काय येणार होतं हे वहिनींनाही ठाऊक नाही. तू अस्तर देऊन गेलास.

"तुमचं एक राहिलंय," वहिनी म्हणाल्या. "त्यांनी सांगून ठेवलंय, सोपाननं हात घातल्याबिगर हे भाइर न्यायचं न्हाय. तुमी न्हाय म्हणाला तर इथंच राहील. नायतर तोडून टाकू. तुमचं तुमी ठरवा."

"आत काय आहे ठाऊक आहे मला."

"काय हाय?"

"माझा हात. पसरलेला."

वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी बाजारात खोटं नाणं टेकवलंय. "तुमाला कुणी सांगितलं?"

त्यांनी आणि मी मिळून चित्र भिंतीपासून फिरवलं. ताडपत्री काढली. टॉवेलावर चार वर्षांची धूळ होती. पाय तसेच होते. मला पुन्हा राग आला, म्हणजे तो शिळा झालेला नव्हता. मी टॉवेल उचलणार होतो, तर त्या म्हणाल्या, "बघायचं न्हाय. तुमचीच रीत हाय ना?"

मी दाराकडे तोंड केलं आणि हात आत घातला.

तळवा वर होता. ड्रायव्हर खोटं बोलला नव्हता. पण बोटं मिटत आलेली होती. पंजा माझ्यापेक्षा रुंद, अंगठ्याच्या नखाला खाच. ती खाच कशाची ते मला ठाऊक आहे. पत्रा कापताना तुझं नख गेलं होतं, आणि मीच तुला दवाखान्यात नेलं होतं. हात माझा नव्हता. तुझा होता. मी माझा हात आणखी आत सरकवला आणि तो बसला. नुसता बसला नाही, मापानं बसला. माझ्या वाकड्या करंगळीला तुझ्या मुठीत वाकडी जागा ठेवलेली होती.

बाजारात त्या दिवशी तू दचकून धरलं होतंस, तसाच धरला होतास. पुरा पंजा. पटलं.

मागून वहिनी सांगत होत्या. तू माझ्या हाताचं प्लॅस्टर स्वतःच्या मुठीत धरून बसला होतास आणि त्यांनी वरून तुझ्या हाताचा साचा घेतला होता. नंतर माझा हात काढून घेतलास आणि तुझा तेवढा ठेवलास, आत माझ्या मापाची पोकळी ठेवून. "दिवसभर बसले असं मूठ धरून," त्या म्हणाल्या. "जेवायलाबी मीच भरवलं. म्हणाले, सोप्याचा हात हाय, सुटता कामा नये."

तू माझ्या पाठीमागं मला सोप्या म्हणायचास, हे मला तेव्हा कळलं.

सौद्यात हात आधी कुणी सोडायचा याचा नियम नाही. मी सोडेना आणि प्लॅस्टर तर सोडणारच नव्हतं. शेवटी तात्या दारातून म्हणाले, "चहा निवतोय." मी हात काढला. तात्या दाराच्या आत उभे होते. ते मी कुणाला बोललो नाही, तुला सांगतो.

तुझ्यावर एक राग यावरही आहे. हे तू तोंडानं सांगू शकला असतास. चार वर्षांत कुठल्याही चहाला. मी विचारू शकलो असतो, हेही खरं. पण चित्र तुझं होतं, मी नुसतं गिऱ्हाईक.

चित्र न्यायला मी परवानगी दिली. अट एकच, टॉवेल कुणी उचलायचा नाही, ज्याला कळायचं आहे त्यानं हात घालून बघावं. बाकीच्यांचा हात त्यात बसणार नाही, पण धरलेला आहे एवढं त्यांना कळेल. पायांचा मुद्दा मी तेव्हा काढला नाही. सोडला होता असं नव्हे, मनात ठेवला होता. सोलापुरात एखाद्या मोच्याकडून लहान चपला शिवून घ्याव्या आणि त्या पायांपुढं नुसत्या ठेवाव्या, घालू नयेत, हा मधला भाव मी स्वतःशी काढून ठेवला होता.

तुझी सगळी माणसं मी माझ्याच टेम्पोतून नेली, तुझ्या फळीच्या टेम्पोतून. चटया घालून एकशिंगी आडवी ठेवली, डांबरमायला आधी आणि नीट बांधलं. माझं चित्र शेवटी ठेवलं आणि दाव्यानं कसलं. लांबीला ते मावेना. पाय मागच्या फळीबाहेर राहिले. त्यांच्यावर मी ताडपत्री बांधली.

नळदुर्गावरून सोलापूर सरळ आहे. नळदुर्गाला मी ड्रायव्हरला म्हटलं, तुळजापूरवरून घे.

"मालक, उगंच डिझेल जातंय."

"जाऊ दे."

त्यानं माझ्याकडे बघितलं. डिझेलबद्दल हे वाक्य त्यानं माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

तामलवाडीला मी गाडी माळाच्या बाजूला थांबवली. शेळ्या राखायचो तो माळ आता निम्मा द्राक्षांखाली गेला आहे. रस्त्याकडेला भागूआत्या बसल्या होत्या. ज्यांच्या शेळ्या मी राखायचो, त्या घरच्या. डोळ्यांनी अधू झाल्या आहेत, मला ओळखलं नाही. बूट, घड्याळ, टेम्पो, कोण ओळखणार? टेम्पोत काय आहे म्हणाल्या. मी ताडपत्री सोडली. त्या जवळ आल्या, बोकडाच्या तोंडाकडे गेल्याच नाहीत, तेवढं दिसतही नसावं. फळीबाहेर आलेल्या पायांवरून हात फिरवला. भेगांतली माती नखानं उकरून बघितली.

"ह्ये सोप्याचं पाय हायती," त्या म्हणाल्या. "कुठं घावला त्यो तुमाला?"

"मीच सोप्या, आत्या."

त्यांनी वर बघितलं, मग खाली माझ्या बुटांकडे, मग पुन्हा त्या पायांकडे. "मग पायात काय न्हाय का रं घातलं?"

"नव्हतं तेव्हा."

"व्हय," त्या म्हणाल्या. "नव्हतंच की." आणि तो पाय जरा वेळ तसाच हातात धरून उभ्या राहिल्या.

तर मिलिंद, बुटांचा मुद्दा मी मागं घेतो. चपलांचाही. तुला कमी-जास्त काही करायला लावत नाही. तामलवाडीपासून सोलापूरपर्यंत ताडपत्री मी परत बांधली नाही. रस्ताभर मागून येणाऱ्या गाड्यांना फळीवरची तुझी एकशिंगी दिसत होती, खाली 'बघतोस काय, भाव कर', आणि वरून बाहेर आलेले माझे दोन पाय.